कडीला अडकवलेलं

दोन हजार तेवीस साल होतं आणि फेब्रुवारी संपत आला होता. अलिबागच्या बाजारात नव्या पांढऱ्या कांद्याच्या माळा लागल्या होत्या. त्यातली एक आदल्या दिवशी आणून केसरनं स्वयंपाकघराच्या खुंटीला टांगली होती. सकाळी साडेनऊच्या सुमाराला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला म्हणून तिनं दार उघडलं, तर बाहेरच्या कडीला एक पिशवी अडकवलेली. कापडी, साड्यांच्या दुकानातली, जड. कडी खाली ओढली गेली होती. पिशवीत वर एक कागद होता. तिनं चष्मा शोधून आणला आणि उंबऱ्याच्या आत उभी राहून तो वाचला. ‘आजी, कालचं खूप उरलंय. फेकवत नाही. ब्रेडपण आहे. आत बटाट्याची भाजी घालून भाजा, मस्त सँडविच होतं. टोस्टर ठेवलाय, सावकाश परत द्या. भक्ती, पहिला मजला.’ तिनं कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला. पिशवी कडीवरून काढली नाही. पायाशी कचऱ्याचा डबा होता, त्याचं झाकण उघडं होतं आणि पिशवी बरोबर त्याच्यावर लोंबत होती. नुसता हात लावला असता तरी काम झालं असतं. तिनं डबा भिंतीकडे सरकवला आणि दार लावून घेतलं.

दार लावल्यावर ती पिशवी जास्तच दिसायला लागली. केसरचं वय चौऱ्याहत्तर. वीस वर्षं ती या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात राहत होती. त्यातली पहिली आठ नवऱ्याबरोबर, महादेवबरोबर, आणि तो गेल्यापासूनची एकटी. महादेव थळच्या खत कारखान्यात हिशेबनीस होता. मुलगा निकेत कॅनडात, दर रविवारी फोन करणारा. शाळेतून निवृत्त झाल्याला सोळा वर्षं झाली, तरी रस्त्यात कुणी ना कुणी अजून ‘केसरबाई’ म्हणून थांबायचं. थांबायचं, विचारपूस करायचं आणि जायचं. दाराशी कुणी येत नव्हतं. खालच्या मजल्यावर नवं जोडपं राहायला आलं तेव्हा ती मुलगी, भक्ती, वर येऊन सांगून गेली होती, ‘आजी, सत्यनारायण आहे, जेवायलाच या.’ केसरनं गुडघ्याचं कारण दिलं. गुडघा खरा होता, कारण खोटं होतं. सत्यनारायणाला ती कुणाकडेच जात नसे. काल दिवसभर खालून माणसांचे आवाज जिन्यातून वर येत राहिले, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी मोठ्यानं हसलं. संध्याकाळी केसरनं स्वतःपुरतं वालाचं बिरडं केलं. वाल सोलताना तिच्या लक्षात आलं की एका माणसाचं बिरडं करता येत नाही. कितीही कमी भिजवा, ते दोन माणसांचं होतं. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं. म्हणजे तिच्या घरात शिळं होतंच. शिळ्याचं तिला वावडं नव्हतं. तिला वावडं होतं ते दुसऱ्याच्या घरून दारात आलेल्याचं, आणि ते वावडं तिचं एकटीचं नव्हतं, तिच्या बापाचं होतं.

दत्ताराम, तिचा बाप, मिठागरावर मीठ ओढायचा. पोयनाडच्या अलीकडे, खाडीला लागून त्यांची वस्ती होती. केसर सहा-सात वर्षांची होईपर्यंत तिची आई, रंगू, संध्याकाळी टोपली घेऊन बागाईतदारांच्या मागीलदारी जायची. पाळी असायची वस्तीतल्या घरांची. मागीलदारी उभं राहून हाक द्यायची, मग आतून कुणीतरी यायचं आणि दिवसभराचं उरलेलं वरून टोपलीत सोडायचं. वरून, म्हणजे हात खाली न आणता. केसरला त्या टोपलीतलं काय काय आठवतं हे तिनं निकेतला कधी सांगितलं नाही. भात आणि भाकरी आणि आमटी सगळं एकमेकांत गेलेलं असायचं आणि त्याला एकच चव असायची. मग छप्पन साल आलं, आणि पुढच्या वर्षी वस्तीनं दीक्षा घेतली. घराच्या कुडावर बाबासाहेबांची तसबीर लागली, आणि दत्तारामनं ती टोपली खाडीत नेऊन सोडली. मोडली नाही, जाळली नाही, भरती उतरताना पाण्यावर ठेवून दिली. परत आल्यावर दोन्ही पोरांना समोर बसवून म्हणाला, “बसवून वाढलं तर नुसतं मीठ खावाचं. दारात दिलं तर श्रीखंड पन न्हाय.” धाकटा चंदर तीन वर्षांचा होता. त्याला श्रीखंड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. केसरलाही नव्हतं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बागाईतदाराच्या घरी लग्न झालं. रंगू मांडव झाडायला गेली होती. चंदर आठ दिवस तापानं फणफणलेला, काही खात नव्हता, त्याच्या मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या. रंगूनं येताना पदरात बांधून आणलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि बुंदी. दत्ताराम कामावर होता म्हणून तिनं ते आणलं, आणि दत्ताराम त्या दिवशी लवकर आला. तो ओरडला नाही. केसर वाट बघत होती की आता ओरडेल, मारेल. त्यानं कुदळ घेतली, शेवग्याच्या बुंध्याशी हातभर खड्डा केला आणि आईच्या पदरातलं सगळं ओंजळीनं त्यात ठेवलं, बी पेरावं तसं. वर माती ओढली. “अन्नाचा काय दोस न्हाय,” तो म्हणाला, “अन्नाला कुनी शिव्या द्यायच्या न्हाय.” मग विहिरीवर जाऊन हात धुतले आणि बराच वेळ तिकडेच बसून राहिला. रंगू पदर धूत होती. चंदर रडत होता. आणि केसर दाराच्या आड उभी होती, तोंड मिटून, कारण तिच्या गालात एक बुंदी होती. आईनं पदर सोडला तेव्हाच तिनं ती उचलली होती. थुंकली असती तर बापाला दिसली असती. गिळली असती तर, काय झालं असतं ते तिला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी झालं असतं. ती तशीच विरघळत राहिली. फार गोड होती. सहासष्ट वर्षं झाली त्याला, आणि केसरनं त्यानंतर कुणाच्या लग्नात बुंदी खाल्ली नाही. मधुमेह नसताना मधुमेह सांगितला.

तिनं चहा केला आणि तो निवत ठेवला. बाहेरच्या पिशवीतलं आतापर्यंत गरम व्हायला लागलं असेल. फेब्रुवारी असला तरी जिन्यातल्या जाळीतून दहाचं ऊन बरोबर तिच्या दारावर येतं. बटाटा लगेच आंबतो. हा विचार आल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला, कारण तो विचार पिशवी फेकणाऱ्या बाईचा नव्हता. आणि या रागाची तिला ओळख होती. असाच राग तिला एकदा आला होता, शाळेच्या शिक्षकखोलीत, एकोणीसशे शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये, आणि त्या रागानं तिनं पद्माला नको ते म्हटलं होतं.

पद्मा नागावची. नारळ-सुपारीच्या वाडीत सासर, माहेर पेणचं, गणित शिकवायची. केसर मराठी शिकवायची. नऊ वर्षं शिक्षकखोलीतल्या एकाच बाकावर दोघींचे डबे समोरासमोर उघडत होते. पद्माला केसरच्या डब्यातला सुका जवळा घरी चालत नव्हता म्हणून शाळेत चालायचा. “देवाला सांगू नकोस,” म्हणायची, आणि बोटं चाटायची. त्या एप्रिलमध्ये पद्माच्या मुलाची, देवव्रतची, मुंज होती. पत्रिका सगळ्या शाळेला होती. पद्मा केसरला वेगळं म्हणालीसुद्धा, “तू नाही आलीस तर मी पानावर बसणार नाही.” केसरनं साडी इस्त्री करून ठेवली होती. आणि त्या सकाळी तिच्या डोळ्यांपुढे ती वाडी आली, ते मागीलदार आलं, पद्माची सोवळ्यातली सासू आली. आपल्याला कुठे बसवतील? आत बसवतील की मांडवाच्या कडेला, बाकीच्या शिक्षकांबरोबर की निराळं? बसवतील ती पंगत पहिली असेल की शेवटची? तिनं ताप आल्याचा निरोप पाठवला आणि दिवसभर इस्त्रीच्या साडीकडे बघत घरात बसली. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. नऊच्या सुट्टीत पद्मा तीन पुडांचा पितळी डबा घेऊन आली. नेहमीचा नव्हे, मोठा. बाकावर ठेवून तिनं वरचं झाकण उघडलं आणि तो वास आला. ओला नारळ, आमसूल, आणखी काहीतरी. केसरच्या तोंडाला पाणी सुटलं. अगदी भरून आलं तोंड, डाव्या गालात, जिथं ती बुंदी होती तिथं. सात-आठ शिक्षक खोलीत होते. केसरनं आपलाच आवाज ऐकला, “उरलेलं आणलंस होय? आमच्याकडे ते घेणं छप्पन सालानंतर बंद झालं.” कुणीतरी वहीचं पान उलटलं. पद्मानं झाकण लावलं. ते नीट बसेना म्हणून दोनदा दाबलं. तेव्हा केसरनं तिची बोटं बघितली, टोकं काळी पडलेली, कातडी सोललेली. बघितली आणि त्या बोटांचा अर्थ लावला नाही. घंटा झाली.

अर्थ शिपाई इंदूबाईनं लावून दिला. अकराला शाळा सुटल्यावर कुलपं लावता लावता ती म्हणाली, “बाय, तुमी नको म्हनालाव नि पद्माबाय डबा मला देऊन गेली. काय सांगू, वल्या काजूची उसल! अजून ऊन-ऊन होती.”

“मुंजीतली असेल,” केसर म्हणाली.

“मुंजीतली?” इंदूबाई कुलूप हातात धरून हसली. “चारशे पानांना वल्या काजूची उसल कोन वारतंय बाय? सोलता सोलता चीक लागून हातांची सालटी निघतात. आज सकाली उठून एकल्या मानसापुरती केलेली हाय ती. मला काय कलत न्हाय व्हय?”

केसरला त्या वेळी नागावला जायला काय झालं होतं? एसटी होती, पाय होते. पण माफी मागायची तर आधी सगळं सांगायला लागलं असतं. टोपलीचं, शेवग्याचं आणि शेवटी बुंदीचं. सांगायचं ते बुंदीवर येऊन अडायचं. पद्मा रागावली नाही, भांडली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा खिडकीजवळच्या टेबलावर उघडायला लागला. पुढची एकोणीस वर्षं दोघी एका शाळेत शिकवत राहिल्या, ‘खडू आहे का’, ‘दहावी ब कुणाकडे’ एवढं बोलत राहिल्या. पद्मा निवृत्त झाली त्या दिवशी निरोपाचं भाषण केसरनं केलं. सगळे म्हणाले, काय छान बोललात बाई.

अकरा वाजले. केसर उठली आणि दार उघडलं. पिशवी होती तिथंच होती. ऊन तिच्या निम्म्यावर आलं होतं. तिनं ती कडीवरून काढली. दोन्ही बंदांनी, शरीरापासून जरा लांब धरली आणि जिना उतरायला लागली, एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. मनात वाक्य तयार होतं. ‘हे तू दारात ठेवलंस ते तुझं तू घे.’ मराठी शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला वाक्य तयार करायला वेळ लागत नाही. पण मधल्या वळणावर कठडा धरून उभी असताना तिला वाटलं की हे वाक्य आपण आधी एकदा म्हटलेलं आहे, आणि ते म्हणण्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा राहिला होता. तेवढाच.

भक्तीनं दार उघडलं. केस वर गुंडाळलेले, गाऊनवर ओढणी, हातात झाडू. “अय्यो, आजी! तुम्ही कशाला उतरलात? या ना. घर बघू नका हां, कालचाच पसारा आहे अजून.”

“ही पिशवी,” केसर उंबऱ्यातूनच म्हणाली. “तू कडीला का अडकवून गेलीस?”

“मग काय करू? तीनदा बेल वाजवली. मग दार ठोकलं. म्हटलं, आजींना काय झालं की काय! हितेशला फोन लावला, तो म्हणतो, अगं कानातलं मशीन काढून ठेवलं असेल त्यांनी, घाबरतेस काय. मग मी दाराला कान लावला. आतून भांड्याचा आवाज आला, तेव्हा कुठे बरं वाटलं. म्हटलं, चला, आहेत.”

केसरचा हात आपोआप कानाकडे गेला. कान रिकामा होता. मशीन आरशाखालच्या साबणाच्या डबीत होतं, रात्रीपासून. ही मुलगी मोठ्यानं बोलत होती म्हणूनच ऐकू येत होतं. आपल्या दाराला कुणीतरी कान लावून उभं होतं आणि आपण आत भांडी घासत होतो, ही गोष्ट केसरला लगेच उचलता येईना.

“आणि शिरा नाही ठेवला हां त्यात,” भक्ती म्हणाली. “मुद्दाम नाही ठेवला.”

“का?”

“तुमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो बघितलेला ना मी. कॉलेजला माझी एक मैत्रीण होती, ती पण प्रसाद घ्यायची नाही. मला राग यायचा तेव्हा. म्हणजे, डोकंच नव्हतं मला.” ती झाडूच्या काड्या नीट करत राहिली. “बाकी नुसतं जेवण आहे. आवडलं नाही का, शिळं म्हणून?”

“तू काय खाल्लंस आज?”

“हेच! आज हेच, उद्या पण हेच. हितेशला डब्यातपण हेच कोंबलं. बिचारा दुपारी ऑफिसात तेच खाईल.” हितेश न्हावा शेव्याला बंदरातल्या मालवाहतूक कचेरीत होता. सकाळी रेवसहून तरीनं, म्हणजे फेरीबोटीनं, करंजाला उतरायचा, यायला दिवस मावळायचा. “एकटीला जात नाही हो, आजी. चार घास खाल्ले नि ठेवून दिलं.”

केसर पिशवीकडे बघत होती. शिळं होतं, उरलेलं होतं, त्यात काही लपवलेलं नव्हतं. आणि देणारीच्या पानातही तेच होतं. दत्तारामच्या वाक्यात याला जागा होती का? त्यानं देणाऱ्याच्या पानाबद्दल काही सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या वेळी ते पान कुणाला दिसतच नसे.

“मग वर चल,” ती म्हणाली. “माझ्याकडे कालचं बिरडं आहे. दोघींचं मिळून करू. पण हे यंत्र मला चालवता येत नाही.”

“यंत्र नाय हो, टोस्टर! सासूबाईंचा आहे उरणचा. मला सांगितलंय, मिक्सर मोडलास तरी चालेल, हा परत आण.”

टोस्टर म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन पसरट साचे, मागे बिजागरी, पुढे दोन लांब दांडे. एका दांड्याची काळी मूठ तुटलेली, तिला चिंधी गुंडाळलेली. केसरनं कढईत बिरडं काढलं आणि रस आटेपर्यंत परतलं. वाल मोडू लागले तेव्हा त्यात भक्तीची बटाट्याची भाजी घातली आणि कालथ्यानं दोन्ही एकजीव केलं. खुंटीच्या माळेतला एक पांढरा कांदा ओढून काढला आणि पातळ चकत्या केल्या. भक्ती ब्रेडला हिरवी चटणी लावत होती. “तूप लावू नका, बटर लावा,” ती म्हणाली. “बटर नाही,” केसर म्हणाली. “मग तूप लावा.” सारण भरपूर घातल्यामुळे टोस्टर मिटेना. भक्तीनं दोन्ही हातांनी दाबला, कडेनं वाल बाहेर आले, तिनं ते उचलून तोंडात टाकले. “आजी, हे मीठवाल्यांसारखं काय भरलंय, पोतं?” केसर दचकली. मग हसली. “माझा बाप मीठवालाच होता,” ती म्हणाली. मंद आचेवर एक बाजू, मग उलटून दुसरी. तूप जाळावर ठिबकून चुरचुरलं. खमंग वास आला, आणि केसरच्या तोंडाला पाणी सुटलं. या वेळी तिनं ते तसंच सुटू दिलं. साचा उघडला तेव्हा पाव तांबूस झाला होता, मधोमध रेघ पडून दोन त्रिकोण झाले होते. दोघी ओट्याजवळच्या लहान टेबलाशी बसल्या. केसरनं मुद्दाम दोन ताटं घेतली, पाणी घेतलं, मीठही वाढलं. वाल कडसर, कांदा गोड, कडा कुरकुरीत. दात सांभाळून खावं लागत होतं. एक त्रिकोण संपवून तिनं दुसरा घेतला.

आणि खाता खाता ती सांगायला लागली. कुणाला सांगतोय हे न बघता, भिंतीकडे बघत. टोपली, खाडी, शेवगा. भक्ती खायची थांबली होती. बुंदीशी आल्यावर केसर अडली आणि मग तेही म्हणाली.

“आठ वर्षांच्या होतात तुम्ही, आजी,” भक्ती म्हणाली. “एक बुंदी!”

“एक नव्हती,” केसर म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला. “एक म्हणून मीच स्वतःला सांगत आले. मूठभर होती. चंदर रडत होता ना, तेव्हा त्याला त्यातली देता आली असती.”

मग केसरनं पद्माचंही सांगितलं. डबा, काळी बोटं, इंदूबाई. भक्तीनं शेवटी एकच विचारलं, “आहेत का त्या अजून?” केसरला ते माहीत नव्हतं. नागाव स्कूटीनं वीस मिनिटांवर होतं, आणि तिला माहीत नव्हतं.

दोघी गेल्या त्या मार्चच्या दुसऱ्या रविवारी. केसर स्कूटीवर भक्तीच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती, मांडीवर डबा, डब्यात त्या सकाळी भाजलेले दोन सँडविच, आत आदल्या दिवशीचं बिरडं. ताजं काहीतरी करून न्यावं, असं भक्ती म्हणाली होती. केसर नको म्हणाली. निकेतचा फोन यायची वेळ टळून जाणार होती, आणि ते तिच्या लक्षात आलं ते वाडीच्या फाटकाशी उतरल्यावर. फाटकावर राहण्या-जेवणाच्या सोयीची पाटी होती. अंगणात पाहुण्यांच्या गाड्या, माडाला वाळत घातलेले ओले टॉवेल. देवव्रत पुढे आला. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला. “किती जण आहात?” त्यानं विचारलं. मग तिनं नाव सांगितल्यावर तो जरा गोंधळला आणि म्हणाला, “आई मागे आहे. तिला दिसत नाही फारसं.”

पद्मा मागीलदारी बसली होती. केसरनं आयुष्यभर मनात धरलेलं तेच मागीलदार, पण आता तिथं फरशी होती, नळ होता, प्लास्टिकची खुर्ची होती. खुर्चीत पद्मा एवढीशी झालेली, मांडीवर सुपारीची परडी. केसर बाहेरच्या पायरीशी उभी राहिली. सगळी वाक्यं गेली. “मी केसर,” ती म्हणाली, आणि डबा पुढे केला. “तुला खायला आणलंय.”

पद्मानं मान वर केली. डोळे आवाजाच्या जरा बाजूला बघत होते. हात चाचपडत आला, डब्याच्या झाकणावर थांबला. मग ती म्हणाली, “उरलेलं आणलंस होय?”

अगदी तेच शब्द, त्याच क्रमानं. चेहऱ्यावर हसू आहे की नाही ते केसरला कळेना. मागे भक्तीनं श्वास रोखलेला तिला ऐकू आला, मशीन कानात होतं.

“हो,” केसर म्हणाली. “उरलेलंच आहे. कालचं बिरडं.”

“मग दारात काय उभी राहिलीस?” पद्मा म्हणाली. “आत ये. देवा, पानं घे रे तीन.”

काजूचं नाव दोघींपैकी कुणी काढलं नाही. पद्माला चावत नव्हतं. तिनं कडा काढून बाजूला ठेवल्या, मधलं सारण बोटांनी खाल्लं आणि बोटं चाटली. निघताना तिनं केसरचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पद्मा दोन हजार चोवीसच्या श्रावणात गेली. तोवर केसर तिच्याकडे पाच वेळा जाऊन आली होती. सहाव्या खेपेचं ठरलं होतं. देवव्रतचा निरोप फोनवर लिहून आला, तो तिनं दुसऱ्या दिवशी वाचला. वाडीत त्यानं मागीलदाराची खोली पाडून पाहुण्यांसाठी नवीन दोन खोल्या बांधल्या. इंदूबाई त्याच्या बारा वर्षं आधीच गेली होती. चंदर पनवेलला असतो, टपाल खात्यातून निवृत्त झाला. केसरनं त्याला फोन करून मूठभर बुंदीचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, मला त्यातलं काही आठवत नाही, तापातच होतो मी.” आणि मग पावसाचं विचारलं. हितेशला रोजची तरीची ये-जा सोसेना. त्यांनी उलव्याला घर घेतलं. भक्तीला मुलगी झाली, नाव गौरी. भक्ती सुरुवातीला आठवड्यानं फोन करायची, आता सणावाराला करते. खालच्या घराला कुलूप आहे. निकेतचा फोन रविवारी येतो.

टोस्टर केसरकडेच राहिला. तिनं दोनदा आठवण करून दिली, भक्ती म्हणाली, राहू दे हो आजी, सासूबाईंना मी नवीन घेऊन दिला. बिरडं अजूनही दोन माणसांचं होतं. दुसऱ्या दिवशी ती ते आटवते, कांदा चिरते, चिंधीची मूठ धरून साचा जाळावर उलटवते. कानातलं मशीन आता उठल्याबरोबर घालते, त्यामुळे तूप चुरचुरलेलं ऐकू येतं, आणि जिन्यात कुणाची पावलं वाजली की तीही. ती पावलं बहुतेक वर, तिसऱ्या मजल्यावर जातात. साचा उघडला की दोन त्रिकोण निघतात. एक ती टेबलाशी बसून, ताटात मीठ वाढून घेऊन खाते. दुसरा झाकून ठेवते.